निब्बरच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स

बायकोला हे माहीत नाही, म्हणजे बघा. माझ्या बीपीच्या गोळ्या कुठल्या खिशात असतात ते तिला माहीत आहे, कुठल्या पाहुण्याचा फोन मी का उचलत नाही ते माहीत आहे — हे मात्र नाही. माझी आई गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही आहात. समोर असता तर मी चहा मागवला असता, पाणी किती दिवसांनी येतंय त्यावर बोललो असतो आणि तुम्हाला दारापर्यंत सोडून आलो असतो. असाच माणूस आहे मी. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

परवा जुळे सोलापुरात एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. आमचं जुनं कॉमिक्स — ‘उन्हाळा कॉमिक्स’ — इतक्या वर्षांनी परत सुरू झालं, त्याचा. तिथं माझा मित्र नागेश उभा राहिला आणि सगळ्यांसमोर हात जोडून त्यानं एका जुन्या चुकीची माफी मागितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि ती चूक त्याची नव्हतीच हो. हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला पक्कं माहीत होतं.

येतो, तिथंच येतो. पण सरळ नाही येता यायचं मला. वळसा घेऊनच येईन.

माझं तेव्हा अशोक चौकाच्या अलीकडं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, आणि नंतर फ्लेक्सचं मशीन घेतलं तेव्हापासून मुख्य धंदा फ्लेक्सचा. नागेश शेजारच्या गल्लीतला. विणकरांचं घर, घरात तेलुगू. तो चादरींची नक्षी काढायचा — ग्राफ पेपरवर, एकेक चौकोन भरत. मोर, हरीण, कमळ. माणूस काढायची सवय नव्हती, म्हणून सुरुवातीला त्याच्या माणसांची नाकंसुद्धा चौकोनी यायची. आणि तिसरा बजरंग. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा पोरगा, चिंचोळीच्या कारखान्यात कामाला. माझ्या दुकानात कसलासा अर्ज टाइप करायला आला आणि तिथंच रमला. काय देखणा गडी होता! काळाभोर, उंच, हनुवटी अशी की नागेश बघतच राहिला. म्हणाला, ह्याला स्टुलावर उभा कर, मी काढतो.

त्यातून निब्बर झाला.

आता तुम्हाला सुपरहिरो म्हटलं की झगा आठवणार, उडणं आठवणार. आमचं ठरलेलं होतं — सोलापुरात घडू शकेल तेवढंच छापायचं. इथल्या उन्हात झगा घालून कोण फिरणार? घामोळं येईल की मेल्याला! आमचा निब्बर खांद्यावर टॉवेल टाकून फिरायचा. सूतगिरणीतला कामगार, मशीनचा शॉक बसतो, वाचतो, पण तेव्हापासून अंगाला दुखणं म्हणून कळत नाही. बस्स. एवढीच शक्ती. काठी बसली तरी कळत नाही, सुरी लागली तरी कळत नाही. म्हणून टँकरवाल्या गुंडांसमोर उभा राहू शकतो. पण दुखत नाही म्हणजे जखम होत नाही असं थोडंच आहे? घरी आला की शेजारचा म्हातारा कंपाउंडर त्याला दिव्याखाली उभा करून तपासायचा — कुठं कापलंय, कुठं मोडलंय. त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं.

आणि आमचा सगळ्यात मोठा नियम: झालेली जखम पुढच्या अंकात तशीच राहणार. भरली तर वण राहणार, तुटलं तर तुटलेलंच. दुसऱ्या अंकात निब्बरच्या डाव्या कानाचा तुकडा गेला तो गेलाच. एकदा नागेशनं घाईत एका पानावर कान पूर्ण काढला, तर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या एका वाचकाचा फोन — ओ, कान उगवला का काय तुमच्या पैलवानाचा? नागेश असा लाल झाला! त्यानंतर चुकला नाही कधी.

लोकांना ते लई आवडलं. का आवडलं असेल? मला वाटतं, आपल्याकडं प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही असतंच न भरलेलं. ते कॉमिक्समध्ये कुणी दाखवलं नव्हतं. एसटी स्टँडच्या बुकस्टॉलवर अंक लागायचे, कुर्डुवाडी जंक्शनला लागायचे, पानटपरीवाले मागून न्यायचे. पुढं आम्ही अजून एक हिरो काढली — ‘हजेरी’ नावाची शाळामास्तरीण, एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही आणि त्यापायी डोकं धरून बसते. पण राजा निब्बरच. बजरंगला चिंचोळीच्या बसमध्ये पोरं ओळखायला लागली. ए निब्बर, चिमटा काढू का? तो हसून दंड पुढं करायचा.

त्याच्या गावाला आम्ही दोनदा गेलो. त्याची आई, कोंडाबाई — आम्हीही तिला आयच म्हणायचो. कॉमिक्स म्हणजे काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पेपर समजायची ती. गावभर सांगायची, आमच्या बजाचं चित्र पेपरात येतंय की. भाकरी थापता थापता मला म्हणाली होती, “माज्या पोराला लई मारता वं तुमी त्यात.” मी म्हटलं, आय, खोटं असतंय ते. “खोटं आसंना का. मला बघवत न्हाय.”

खोटं असतंय ते, असं मीच म्हटलं होतं. मीच.

मग निब्बरला मारायचं ठरलं. कुणाशी भांडताना नाही. त्याच्या चपलेतून गंजका खिळा तळव्यात घुसतो, त्याला कळत नाही, कंपाउंडर गावाला गेलेला असतो, आणि पाय सडून, ताप चढून तो मरतो. ही कल्पना माझी. अभिमान वाटत होता मला तिचा — आजही वाटतो, काय करू! नागेश दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग गुपचूप बसून त्यानं ती पानं काढली. शेवटचं चित्र काढताना नाक ओढत होता, मला पाठ करून.

आता फ्लेक्स.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडं माणूस गेला की आधी फ्लेक्सवाल्याला फोन येतो आणि मग पाहुण्यांना. घरात रडारड चालू असते, तेवढ्यात कुणीतरी पुतण्या मोबाइलमध्ये फोटो घेऊन दुकानात उभा. झेंडूचा हार, बाजूला समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘शोकाकुल समस्त मित्र परिवार’. सगळं तयारच असतं कॉम्प्युटरमध्ये, फोटो आणि नाव बदललं की झालं. दुपारच्या आत चौकात चढतो. तिरडीच्या आधी फ्लेक्स लागलेले मी पाहिलेत. अंक येणार त्याच्या आदल्या दिवशी निब्बरचा तसाच फ्लेक्स एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर लावायचा, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं. बजरंगलाही मान्य होतं. हसला होता तो, म्हणाला, लावा की, हार जरा जाड घाला. पण फ्लेक्सवर काय असणार होतं — नागेशनं काढलेलं निब्बरचं चित्र. चित्र. हे ध्यानात ठेवा.

नागेशनं चित्र पेन ड्राइव्हमध्ये दिलं आणि मेहुणीच्या लग्नाला तेलंगणात गेला. त्याच पेन ड्राइव्हमध्ये बजरंगचे फोटोही होते, ज्यावरून तो काढायचा ते. दुपारी मी एकटा बसलो जुळवायला. हार लावला, समई लावली, चित्र बसवलं. आणि बघितलं तर — कसं सांगू — ती जाहिरात दिसत होती. कुणी मान वर करून बघितलं नसतं. मला वाटलं, इतकं खरं-खरं करत आलो आपण, आणि शेवटच्या दिवशी हे? स्टँडवरचा माणूस थांबला पाहिजे. त्याच्या काळजात चर्र झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुसरा फ्लेक्स लावूच — अंक निघाला म्हणून. एक दिवसाचा तर प्रश्न होता.

आमच्या कॉमिक्सचं नाव मी खालून काढून टाकलं. नुसतं ठेवलं — ‘आमचा निब्बर गेला’. आणि चित्राचं...

थांबतो जरा.

सकाळी फ्लेक्स चढला. बजरंग पहिल्या पाळीला होता. त्यांच्या कारखान्यात मोबाइल गेटवरच ठेवून घ्यायचे. त्याचा मामा त्या दिवशी डोळे दाखवायला सोलापूरला आलेला. एसटीतून उतरला आणि समोर भाच्याला हार घातलेला. मामाला वाचता येत नव्हतं फारसं, पण हार वाचावा लागतो का? त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं, गेला का वं ह्यो? तो माणूस म्हणाला, हो, काल. दुसरा म्हणाला, गाडीनं उडवलं म्हणे. कुणी कुठलं, कशाचं काही माहीत नसताना — पण सांगितलं. आपल्याकडं माहीत नाही असं कोण म्हणतंय? मामानं तिथूनच गावाला फोन लावला.

आय तेव्हा शेरडांना पाला टाकत होती म्हणे. शेजारणीनं सांगितलं. ती खाली बसली, आणि बसल्या जागी कलंडली. अंगावरून वारं गेलं. जीपमध्ये घालून तिला सोलापूरला सरकारी दवाखान्यात आणली — मेलेल्या पोराला बघायला निघालेली माणसं आईला घेऊन आली. तोवर माझ्या कानावर आलं होतं. मी पळत जाऊन फ्लेक्स उतरवला होता, दात-ओठ खात गुंडाळून दुकानाच्या मागं टाकला होता, आणि दवाखान्यात धावपळ करत होतो. स्ट्रेचर मी ढकललं. औषधं मी आणली. सगळे म्हणत होते, देवासारखा धावला.

पाळी सुटल्यावर बजरंग तसाच कारखान्याच्या कपड्यांत आला. आय त्याच्याकडं बघत राहिली. तिची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. डाव्या हातानं ती त्याचं तोंड चाचपायला लागली — कपाळ, नाक, हनुवटी. परत कपाळ. थांबेचना. पुढं चार-पाच वर्षं जगली ती, आणि बजरंग जेव्हा जेव्हा गावी जायचा तेव्हा तेव्हा तिचं हेच. एकदा खात्री करून भागायचं नाही तिचं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बजरंगनं मला विचारलं, “माजा फोटू कुणी लावला?”

त्याच्या आवाजात राग नव्हता अजून. खरंच विचारत होता. मला तेव्हा बोलता आलं असतं. एक शब्द तर होता — मी. त्यानं मारलं असतं का मला? असेल. मार खाऊन मोकळा झालो असतो. पण मी काय म्हणालो? म्हणालो, “फोटो नागेशकडंच असतात की.”

बघा हं, खोटं आहे का ह्यात काही? फोटो नागेशकडंच असायचे. मी तेवढंच म्हणालो आणि गप्प बसलो. उरलेलं त्यानं मनात जुळवलं. मी त्याला जुळवू दिलं.

नागेश परत आला तेव्हा बजरंग माझ्या दुकानात बसूनच होता, त्याची वाट बघत. नागेशच्या हातात लग्नातले लाडू होते, आम्हा दोघांसाठी आणलेले. बजरंग उठला आणि त्याची गचांडी धरली. लाडू खाली पडले. नागेश घाबरून म्हणाला, “मी तर चित्र दिलो होतो, बजरंग्या. चित्रच दिलो होतो मी.” त्याचं मराठी असंच, तेलुगूच्या वळणाचं. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगेन, असं वाटून बघितलं त्यानं. लहान पोरगं मास्तरासमोर मोठ्या भावाकडं बघतं ना, तसं.

आणि मी बजरंगचा हात सोडवला आणि म्हणालो, “जाऊ दे. पेन ड्राइव्हमध्ये चित्र, फोटो दोन्ही होतं. वरचं घे म्हणाला हा, मी मशीनला लावून जेवायला गेलो. चूक झाली त्याची. मुद्दाम केलंय का त्यानं? माफ कर त्याला.”

म्हणजे मी नुसता आळ घातला नाही. माझाच गुन्हा त्याच्या गळ्यात बांधला आणि वर त्याच्यासाठी माफी मागितली. बजरंगच्या डोळ्यांत मी मोठ्या मनाचा ठरलो. नागेश माझ्याकडं बघतच राहिला. वरचं घे असं तो म्हणाला नव्हता. तो असं काही म्हणालाच नव्हता. पण मी इतक्या सहज बोललो की तोही आठवायला लागला. मला दिसलं ते, त्याचं आठवायला लागणं. मी तेव्हाही गप्प.

कॉमिक्स बंद पडलं. छापून आलेले अंक वाटलेच नाहीत, रद्दीत गेले. बजरंगनं नागेशचं तोंड बघितलं नाही. गल्लीत बायका नागेशच्या बायकोला टोमणे मारायच्या, ह्याच्या चित्रानं बाई मेली — आय तर तेव्हा जिवंत होती. नागेशनं चित्रं सोडली. टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइनं करायला लागला, कमळ आणि मोर. रस्त्यात भेटलो तर आम्ही बोलायचो. काय बोलायचो? ऊन लई आहे. हो, लई आहे.

आणि बजरंग माझ्याकडं येत राहिला. दर हुरड्याला पिशवी घेऊन यायचा. आयनं हात चालत होते तेव्हा केलेलं एक घोंगडं त्यानं मला दिलं — तू दवाखान्यात होतास म्हणून. ते आमच्या दिवाणावर आहे. बायको हिवाळ्यात पांघरते. मी नाही पांघरत, टोचतं म्हणून सांगितलंय.

आय गेली तेव्हा तो माझ्याकडंच आला फ्लेक्स करायला. मोबाइलमध्ये तिचा फोटो, डोक्यावर पदर, एका बाजूला ओढलेलं तोंड. मी म्हटलं, दुसरीकडून करून घे ना, माझं मशीन त्रास देतंय. म्हणाला, “न्हाय, तूच कर. तुज्यावर भरवसा हाय. दुसरा कोन गडबड करंल.” मी केला. तोच हार, तीच समई. तो माझ्या मागं उभा राहून बघत होता आणि म्हणाला, जरा मोठा कर की आयचा फोटू. मी मोठा केला.

तेव्हा सांगायचं होतं ना? तेव्हा नाही, तर कधी?

मग अलीकडं नागेशची मुलगी आली, श्रावणी. पुण्याला डिझाइन शिकली, परत आली. घरात माळ्यावर तिला आमचे जुने अंक सापडले. तिनं त्यातली पानं मोबाइलवर टाकली आणि काय झालं कोण जाणे, पोरं वेडी झाली. कुठून कुठून निरोप यायला लागले. हा कान तुटलेला हिरो कोण? सोलापूरचा? खरंच? चार मित्र जमवून तिनं ‘उन्हाळा’ परत काढायचं ठरवलं. नवे हिरो, नियम जुना — जखम राहणार. निब्बर परत येणार नाही, मेला तो मेला, हेही तिनंच ठरवलं. माझ्या दुकानात येऊन बोलत होती तेव्हा तिचे डोळे असे चमकत होते! बापाचे चमकायचे तसे. मला इतका आनंद झाला की मी क्षणभर सगळं विसरलो. खरं सांगतो, विसरलो.

मग ती म्हणाली, “काका, पहिल्या पानावर आम्ही माफी छापणार आहोत. पप्पांनी केलं ते चुकीचंच होतं. ते लपवून परत सुरू करणं बरोबर नाही. तुम्ही वाचून घ्याल ना एकदा?”

तिला ते घरातून, गल्लीतून, आत्यांकडून कळलेलं. बापानं केलेली चूक म्हणून ती लहानपणापासून वागवत आलेली. तिनं पान पुढं केलं. नागेशनं इतक्या वर्षांनी चित्र काढलं होतं — एका म्हातारीचा हात, एका चेहऱ्यावर. त्यानं ते कधी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं फक्त. आणि तरी अगदी तसंच. खाली नागेशचं नाव आणि मजकूर: माझ्या चुकीमुळे एका आईची वाचा गेली. मी वाचलं. एका ठिकाणी टिंब राहिलं होतं ते दुरुस्त केलं. म्हटलं, छान झालंय, बेटा.

दुसऱ्या दिवशी मात्र मी नागेशच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो. गाडीवर बसून तोंडानं म्हणत गेलो, घोकल्यासारखं. तो टॉवेलनं हात पुसत बाहेर आला. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हटलं, नागेश, त्या पानाबद्दल — त्या फोटोबद्दल —

तो म्हणाला, “मीच टाकलो असेन रे.”

आणि समोर बसून सांगायला लागला.

“सुरुवातीला वाटायचं, मी नाही. पक्कं वाटायचं. तुझ्यावर संशय घेतलो होतो मी, खोटं कशाला बोलू. लई वर्षं. मग विचार केलो, तू असं कशाला करशील, सुनील? आपलाच माणूस तू. मीच म्हणालो असेन वरचं घे. लग्नाच्या गडबडीत होतो ना. आता काही आठवत नाही बघ. पण ते पान काढल्यापासून झोप लागते मला.”

आणि हसला. तुझ्यावर संशय घेतला म्हणून माझे हात धरले त्यानं. माफ कर म्हणाला. मला!

तुम्ही असता तर काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, असू दे रे. चहा प्यायलो आणि आलो.

कार्यक्रमात बजरंग आला होता. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण हनुवटी तीच. पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती. त्याचे दोन्ही कान धड आहेत हे बघून एकानं लटकी तक्रारही केली. मग नागेश उठला, हात जोडले, बोलला ते मी सांगितलंच. बजरंग खुर्चीवरून उठून पुढं गेला. मला वाटलं मारतो की काय. त्यानं नागेशला मिठी मारली. म्हणाला, “आय आसती तर तिनं कवाच माप केलं आसतं की, येड्या. मीच ताणलं.” नागेश त्याच्या खांद्यावर हमसून हमसून रडला. श्रावणी रडत होती. मग बजरंगनं मान वर करून मला शोधलं आणि हात केला, ये की हितं, म्हणून. मी गेलो. त्यानं मलाही जवळ ओढलं. म्हणाला, ह्यो व्हता म्हणून आमी टिकलो. कुणीतरी फोटो काढला. तो आता सगळीकडं फिरतोय, तुम्ही पाहिलाही असेल — आम्ही तिघं. मधला मी.

आता सांगून काय होणार? नागेशला झोप लागायला लागलीय. बजरंगचा राग विझलाय. श्रावणीचा अंक निघालाय, लोक म्हणतायत, असं खरं कुणी छापत नाही. मी बोललो तर हे सगळं मोडतं, आणि नाही बोललो तर हे सगळं खोटं आहे. दोन्ही बाजूंनी मीच उभा आहे आणि काही करता येत नाही. पण हेही मला कळतं की ही नवी अडचण मी जुन्या भित्रेपणावर घालतोय, पांघरुणासारखी. दवाखान्याच्या व्हरांड्यात असली काही अडचण नव्हती. तिथं कुणाला झोप लागत नव्हती, कुणाचा अंक निघत नव्हता. तिथं फक्त मी घाबरलो होतो.

मघाशी मी थांबलो होतो तिथून पुढं सांगतो.

नागेशनं दिलेलं चित्र चांगलं होतं. निब्बरचे डोळे मिटलेले होते, डावा कान तुटलेला होता, गालावर सगळे जुने वण होते. कुणीही बघितलं असतं तरी कळलं असतं की हे चित्र आहे. आयलासुद्धा कळलं असतं. ते मी काढून टाकलं आणि तिथं बजरंगचा फोटो लावला.